राउझी, रोंडा जीन

(१ फेब्रुवारी १९८७ – ). मिश्र युद्धकलेतील विख्यात अमेरिकन महिला खेळाडू व ज्यूदोपटू. महिलांच्या ज्यूदोचा १९९२ मध्ये ऑलिंपिक क्रीडासामन्यांत अधिकृत समावेश झाल्यानंतर त्यात पदक मिळविणारी ती पहिली अमेरिकन महिला होय. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ (संक्षेपाने यूएफसी) या मिश्र युद्धकलेच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक संस्थेने करारबद्ध केलेली पहिली महिला आणि त्या संस्थेची पहिली महिला अजिंक्यवीर म्हणूनही तिची ख्याती आहे. २०११ ते २०१५ या काळात तिने लागोपाठ १२ व्यावसायिक लढती जिंकल्या. त्यांपैकी एकीचाही निकाल पंचांच्या गुणांवर लागला नाही. केवळ पुरुषांचे मानले गेलेले एक क्रीडाक्षेत्र तिच्यामुळे महिलांना खुले झाले. तिच्या कारकीर्दीचा उत्कर्ष जितका झपाट्याने झाला, तितकाच तिचा अस्तही अकस्मात घडून आला.

मिश्र युद्धकलेचे स्वरूप : मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग, कुस्ती, ज्यूदो, ब्राझीली जुजुत्सू इ. निरनिराळ्या द्वंद्वप्रकारांतील तंत्रे एकाच लढतीत वापरण्याची मुभा असलेला हा क्रीडाप्रकार होय. त्याचे एक मूळ ज्यूदोमध्येच सापडते. जिगोरो कानो याने १८८२ मध्ये तोक्यो येथे कोडोकान ही ज्यूदोची संस्था स्थापन केली [→ ज्यूदो]. या संस्थेत तयार झालेला मित्सुयो माएदा हा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये गेला व त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबाकडे आली, असे परंपरेने मानले जाते. ग्रेसी बंधूंनी जमिनीवरील डावपेचांवर भर देऊन तिला ब्राझीली जुजुत्सूचे स्वरूप दिले. याच कुटुंबाच्या पुढाकाराने १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा भरविण्यात आली व रॉइस ग्रेसी याने ती जिंकली. प्रारंभी वजनगट नव्हते आणि नियमही अगदी मोजके होते. त्यामुळे या खेळावर सिनेटर जॉन मकेन याने कठोर टीका केली आणि अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली. पुढे न्यू जर्सी राज्यात तयार झालेल्या एकीकृत नियमांमुळे त्याला शिस्तबद्ध रूप आले. या नियमांनुसार लढत प्रत्येकी ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, तर अजिंक्यपदाची लढत ५ फेऱ्यांची असते. यूएफसीच्या लढती अष्टकोनी पिंजऱ्यात होतात. बोटे मोकळी राहतील असे पातळ हातमोजे खेळाडू वापरतात. डोळ्यांत बोटे घालणे, चावणे, डोक्याने धडक देणे, जमिनीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर लाथ मारणे इ. गोष्टी निषिद्ध असतात. प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला, पंचाने लढत थांबविली किंवा प्रतिस्पर्ध्याने हाताने थाप मारून वा तोंडाने शरणागती पत्करली, की लढत संपते. अन्यथा गुणांवर निर्णय देण्यात येतो.

महिलांचे स्थान : द्वंद्वात्मक खेळांत महिलांना प्रवेश मिळण्यास सर्वत्रच विलंब लागला. पुरुषांच्या ज्यूदोचा ऑलिंपिकमध्ये १९६४ मध्ये समावेश झाला. महिलांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा मात्र १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे भरली आणि ऑलिंपिकमध्ये त्यांना अधिकृत स्थान मिळण्यास १९९२ साल उजाडावे लागले. महिलांच्या मुष्टियुद्धाचा ऑलिंपिक प्रवेश तर २०१२ मध्ये झाला. मिश्र युद्धकलेत जपानमध्ये १९९५ पासून महिलांच्या स्पर्धा होऊ लागल्या होत्या. अ. सं. सं. मध्ये १५ ऑगस्ट २००९ रोजी सॅन होसे येथे जीना कॅरॅनो आणि ब्राझीलची क्रिस सायबॉर्ग यांच्यात झालेली लढत ही एखाद्या मोठ्या कार्यक्रमातील महिलांची पहिली प्रमुख लढत होती. ती ‘स्ट्राइकफोर्स’ या प्रतिस्पर्धी संस्थेने भरविली होती. यूएफसीचे दरवाजे मात्र बंदच होते. तिचा अध्यक्ष डेना व्हाइट याने २०११ च्या प्रारंभी, आपल्या संस्थेत महिला कधीही लढणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले होते. पुरेशा संख्येने तुल्यबळ महिला खेळाडू नाहीत, हे त्यामागील प्रमुख कारण सांगण्यात येई. तथापि ज्या क्षेत्रात प्रवेशच नाही, त्यासाठी खेळाडू तयार तरी का व्हावेत, हा त्यावरील प्रतिप्रश्न होता.

जन्म व बालपण : रोंडाचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड येथे झाला. तिची आई ॲनमरिया डी मार्स हिने १९८४ मध्ये व्हिएन्ना येथील स्पर्धेत ५६ किग्रॅ. वजनगटात ज्यूदोचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. असे यश मिळविणारी ती पहिली अमेरिकन व्यक्ती होय. मात्र त्या वेळी महिलांचे ज्यूदो ऑलिंपिकमध्ये नसल्याने तिला त्या स्पर्धेत उतरण्याची संधीच मिळाली नाही. पुढे तिने शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्या क्षेत्रात काम केले. जन्माच्या वेळी रोंडाच्या गळ्याभोवती नाळ गुंडाळली गेली होती. वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत तिला स्पष्ट बोलता येत नसे. शब्द मनात असूनही उच्चार जुळवून आणता न येण्याचा हा वाचादोष होता. त्यावरील उपचारांच्या सोयीसाठी हे कुटुंब नॉर्थ डकोटा राज्यातील जेम्सटाउन येथे राहावयास गेले व मायनॉट येथील विद्यापीठातील वाचोपचारतज्ज्ञांची मदत तिला मिळाली. तेथे बर्फावरील घसरगाडीच्या अपघातात तिच्या वडिलांच्या पाठीचा कणा मोडला. त्यांना रक्त न गोठण्याचा एक दुर्मिळ विकार होता; त्यामुळे दुखणे बरे न होता बळावत गेले आणि १९९५ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या वेळी रोंडा आठ वर्षांची होती. त्यानंतर काही काळाने हे कुटुंब कॅलिफोर्नियात परतले.

ज्यूदोतील कारकीर्द : वयाच्या अकराव्या वर्षी तिने आईच्या मार्गदर्शनाखाली ज्यूदोचा सराव सुरू केला. ही शिकवण कठोर होती. सकाळी आई अंथरुणावर झडप घालून हात अडकवीत असे व त्यातून सुटून जागे व्हावे लागे, अशी आठवण रोंडाने सांगितली आहे. जूजी-गातामे म्हणजेच आर्मबार हा डाव याप्रमाणे तिच्या अंगवळणी पडला. लॉस अँजेल्स परिसरातील आर्मेनियन वंशाच्या ज्यूदोपटूंच्या आखाड्यातही ती सराव करी. तेथे ज्यूदोचा जाड अंगरखा न घालताही झटापटी होत. या सवयीचा तिला पुढे फार उपयोग झाला.

वयाच्या सोळाव्या वर्षी तिच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियेनंतर उभ्याने फेकण्याचा सराव काही काळ अशक्य झाल्याने तिने जमिनीवरील डावांवर लक्ष केंद्रित केले. पुढे तिने घर सोडून मॅसॅचूसेट्स राज्यातील वेकफील्ड येथे जेम्स पेड्रो या प्रशिक्षकाकडे अभ्यास सुरू केला. २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती व त्या स्पर्धेतील सर्वांत लहान ज्यूदोपटू ठरली. ६३ किग्रॅ. वजनगटात पहिल्याच फेरीत ऑस्ट्रियाच्या क्लाउडिया हाइल हिने तिचा पराभव केला. हाइलने पुढे त्या गटात रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी बूडापेस्ट येथील जागतिक कनिष्ठ गट स्पर्धेत रोंडाने सुवर्णपदक मिळविले. २००६ च्या कनिष्ठ गट स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले आणि या स्पर्धेत दोन पदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन खेळाडू ठरली.

वजनगटाच्या मर्यादेत राहण्याचा मोठा ताण या वर्षांत तिच्यावर होता. खाल्लेले अन्न मुद्दाम ओकून टाकण्याच्या विकाराने आपणास या काळात ग्रासले होते, असे तिने पुढे उघडपणे सांगितले. वजनगट असलेल्या सर्वच खेळांत हा विकार आढळत असला, तरी त्याविषयी बोलणारे खेळाडू विरळा. अखेरीस तिने ७० किग्रॅ. गट स्वीकारला. २००७ मध्ये रीओ दे जानेरो येथे तिने अखिल अमेरिकन क्रीडास्पर्धेत सुवर्ण आणि त्याच शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत फ्रान्सच्या झेव्हरीझ एमान हिने तिला हरविले. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपान्त्यपूर्व फेरीत नेदर्लंड्सच्या एडिथ बॉश हिच्याकडून ती पराभूत झाली. मात्र त्यानंतरच्या लढती जिंकून व शेवटी जर्मनीच्या ॲनेट ब्योम हिला नमवून तिने कांस्यपदक पटकाविले. यानंतर वयाच्या एकविसाव्या वर्षी तिने ज्यूदोतून निवृत्ती घेतली.

अमेरिकेत ज्यूदोला व्यावसायिक पाठबळ नाही. ऑलिंपिक पदकाबद्दल मिळालेली १०,००० डॉलरची रक्कम लवकरच संपली. नियमित शिक्षण अर्धवट राहिलेले आणि अन्य कौशल्य हाती नसलेले, अशा स्थितीत रोंडाने मद्यालयांत नोकऱ्या केल्या. काही दिवस तिने आपल्या मोटारीतच मुक्काम केला. ऑलिंपिक खेळाडूच्या उत्तरायुष्याचा प्रश्न किती बिकट असतो, याचे हे बोलके उदाहरण होय. याच सुमारास जुन्या सोबत्यांच्या सहवासात ती मिश्र युद्धकलेकडे वळली. या खेळात महिलांना फारसे भवितव्य नाही, असे आईचे मत होते. एका वर्षाच्या मुदतीवर तिने संमती दिली.

मिश्र युद्धकलेत पदार्पण : ग्लेंडेल येथील आखाड्यात एडमंड तारवेर्डियन या मुष्टियुद्ध-प्रशिक्षकाकडे तिने ठोशांचे शिक्षण घेतले. ६ ऑगस्ट २०१० रोजी आपली पहिली हौशी लढत तिने २३ सेकंदांत जिंकली. हौशी गटातील तिन्ही लढती जिंकल्यावर २७ मार्च २०११ रोजी तिने व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला व ब्राझीलच्या एडियान गोमिस हिला २५ सेकंदांत शरण आणले. जूनमध्ये कॅनडाची शार्मेन ट्वीट ४९ सेकंदांत पराभूत झाली. ऑगस्टमध्ये स्ट्राइकफोर्समधील पहिल्याच लढतीत सेरा डॅलेलिओ हिच्याविरुद्ध पंचाने २५ सेकंदांत निकाल दिला. मात्र प्रतिस्पर्धिनीने खरोखर शरणागती पत्करली होती की नाही, याविषयी वाद झाला. नोव्हेंबरमध्ये जूलिया बड हिच्याविरुद्धची लढत ३९ सेकंदांत संपली, ती बडच्या कोपराचा सांधा निखळल्याने. या चारही विजयांत डाव एकच होता.

या लढती सु. ६६ किग्रॅ. वजनगटातील होत्या. त्यानंतर रोंडाने सु. ६१ किग्रॅ. च्या बँटमवेट गटात उतरून तेथील अजिंक्यवीर मीशा टेट हिला थेट आव्हान दिले. क्रमवारीने ही संधी सेरा कॉफमन हिची होती. तथापि प्रेक्षकांना कोणती लढत पाहावीशी वाटेल, हा मुद्दा रोंडाने मुलाखतींतून इतक्या चातुर्याने मांडला, की आयोजकांनी तो मान्य केला. वाचादोषाने ग्रासलेली ही मुलगी पुढे वाक्‌युद्धासाठीही प्रसिद्ध झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. ३ मार्च २०१२ रोजी कोलंबस (ओहायओ) येथे झालेल्या या लढतीत टेट पहिल्या आर्मबारमधून निसटली. पहिल्या फेरीतील ४ मिनिटे २७ सेकंदांनी दुसऱ्यांदा हात अडकल्यावर मात्र कोपराला गंभीर दुखापत होऊन तिला शरण यावे लागले. ऑगस्टमध्ये सॅन डिएगो येथे कॉफमनला ५४ सेकंदांत हरवून रोंडाने हे पद राखले.

यूएफसीमधील प्रवेश : स्ट्राइकफोर्स ही संस्था यूएफसीच्या मालकांनी २०११ मध्येच विकत घेतली होती. रोंडाच्या लढतींना मिळणारा प्रतिसाद पाहून व्हाइटने आपला निर्णय बदलला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्याशी करार झाला आणि ६ डिसेंबर रोजी तिला यूएफसीच्या महिला बँटमवेट गटाचा पहिला अजिंक्यपट्टा देण्यात आला. २३ फेब्रुवारी २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनहाइम येथे लिझ कार्मूश हिच्याशी झालेली तिची लढत ही यूएफसीमधील महिलांची पहिली लढत होय. एवढेच नव्हे, तर त्या कार्यक्रमाची ती प्रमुख लढत होती. कार्मूश ही अ. सं. सं. च्या मरीन दलात नोकरी केलेली खेळाडू असून आपली समलिंगी ओळख उघडपणे सांगणारी यूएफसीमधील पहिली खेळाडू होती. लढत एकतर्फी होईल, हा अंदाज चुकला. कार्मूशने रोंडाच्या पाठीवर चढून तिची मान व जबडा आवळला. उभ्यानेच तिला पाठीवरून झटकून टाकीत रोंडाने स्वतःची सुटका करून घेतली आणि फेरी संपण्यास ११ सेकंद उरले असता आर्मबारने विजय मिळविला. महिलांच्या लढती प्रेक्षकांना खिळवून ठेवतील का, या शंकेचे उत्तर या ४ मिनिटे ४९ सेकंदांत मिळाले, असे म्हणता येईल.

त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी स्पर्धामालिकेत रोंडा व टेट यांनी प्रतिस्पर्धी संघांच्या प्रशिक्षक म्हणून काम केले. या मालिकेतील त्या पहिल्या महिला प्रशिक्षक होत. २८ डिसेंबर २०१३ रोजी लास व्हेगस येथे दोघींची पुन्हा गाठ पडली. रोंडाच्या कारकीर्दीत पहिल्या फेरीपलीकडे गेलेली ही पहिली लढत होती. तिसऱ्या फेरीच्या ५८ व्या सेकंदास टेट पुन्हा आर्मबारमध्ये सापडली. यानंतरच्या चार लढती अतिशय अल्पकाळात संपल्या. २२ फेब्रुवारी २०१४ रोजी सेरा मॅकमन हिला बरगडीखाली गुडघ्याचा तडाखा देऊन तिने ६६ सेकंदांत नमविले. मॅकमनने अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे रौप्यपदक मिळविले होते. ५ जुलै २०१४ रोजी अलेक्सिस डेव्हिस हिला १६ सेकंदांत, तर २८ फेब्रुवारी २०१५ रोजी लॉस अँजेल्स येथे कॅट झिंगॅनो हिला १४ सेकंदांत तिने हरविले. १ ऑगस्ट २०१५ रोजी रीओ दे जानेरो येथे बेथ कोरैया हिला तिने ३४ सेकंदांत ठोशांनी बेशुद्ध पाडले. या चारही लढतींचा एकत्रित वेळ अवघा २ मिनिटे १० सेकंद भरतो. याप्रमाणे तिने यूएफसीचे अजिंक्यपद सहा वेळा राखले.

तंत्र : तिच्या १२ विजयांपैकी ९ आर्मबारने व ३ तडाख्यांनी मिळालेले आहेत. आर्मबारमध्ये प्रतिस्पर्ध्याचा दंड दोन्ही मांड्यांमध्ये धरून, त्याच्या छातीवर व मानेवर पाय आडवे टाकून, मनगट आपल्या छातीशी ओढले जाते. मग कंबर उचलली, की कोपराच्या सांध्यावर तो ज्या दिशेने वाकत नाही त्या दिशेने ताण पडतो. शरणागती न पत्करल्यास अस्थिबंध फाटतात किंवा सांधा निखळतो. डाव सर्वांस परिचित असूनही प्रतिस्पर्धी तो टाळू शकत नसत, याचे कारण त्याच्या आधीच्या हालचालींत होते. ज्यूदोतील फेक ही एरवी अंगरख्याची बाही व गळपट्टी धरून केली जाते. मिश्र युद्धकलेत अंगरखा नसतो. रोंडा प्रतिस्पर्ध्याला पिंजऱ्याच्या कडेला गाठून त्याची मान व एक बाहू कवेत घेई आणि कमरेवरून फेक करी. जमिनीवर येताच मान व बाहू तिच्या पकडीत असत आणि प्रतिस्पर्ध्याने सुटण्यासाठी हात हलविला, की तोच हात अडकत असे. एका मार्गाने सुटका झाली, तर दुसऱ्या मार्गाने पुन्हा तोच डाव लावण्याची तिची तयारी होती. जमिनीवरील डावांत उत्तम खेळाडूही क्षणभर थांबून विचार करतात. रोंडाच्या बाबतीत हा विराम दिसत नसे. बालपणापासूनच्या सरावाचे ते फळ होते.

मात्र या पद्धतीतील उणिवाही स्पष्ट होत्या. प्रतिस्पर्ध्याच्या जवळ जाण्यासाठी ती सरळ रेषेत पुढे झेपावत असे. त्यात डोके स्थिर राही व ठोसे चुकविण्याकडे दुर्लक्ष होई. ठोशांनी मिळालेल्या काही झटपट विजयांमुळे या उणिवा झाकल्या गेल्या.

पराभव : १५ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे हॉली होम हिच्याशी तिची लढत झाली. त्या कार्यक्रमातील प्रमुख दोन्ही लढती महिलांच्या होत्या आणि तो पाहण्यास ५६,२१४ प्रेक्षक उपस्थित होते. यूएफसीच्या इतिहासातील तो तोपर्यंतचा उच्चांक होता. होम ही मुष्टियुद्धातील माजी जागतिक अजिंक्यवीर. तिने पिंजऱ्याच्या मध्यभागी राहून, बाजूला सरकत रोंडाच्या प्रत्येक झेपेला डाव्या हाताच्या सरळ ठोशाने उत्तर दिले; तिची पकडही तिने लागू दिली नाही. दुसऱ्या फेरीच्या ५९ व्या सेकंदास मानेवर बसलेल्या डाव्या लाथेने रोंडा कोसळली. तिचा हा पहिलाच व्यावसायिक पराभव होता. या पराभवानंतर आपल्या मनात आत्मनाशाचे विचार आले होते, असे तिने २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले. वर्षभराच्या विश्रांतीनंतर ३० डिसेंबर २०१६ रोजी लास व्हेगस येथे ती तत्कालीन अजिंक्यवीर ब्राझीलची अमांडा नूनीस हिच्याविरुद्ध उतरली. परंतु ठोशांच्या भडिमारामुळे पंचाने ४८ सेकंदांतच लढत थांबविली. यानंतर ती दीर्घकाळ मिश्र युद्धकलेपासून दूर राहिली. २०११–१६ या काळातील १४ व्यावसायिक लढतींत १२ विजय व २ पराभव अशी तिची नोंद आहे.

या अस्ताची कारणमीमांसा करताना प्रशिक्षणातील त्रुटी, जाहिराती व चित्रपट यांत गेलेला वेळ आणि प्रतिस्पर्ध्यांनी केलेला अभ्यास यांवर भर दिला जाई. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या आत्मचरित्रात तिने आणखी एक कारण पुढे आणले. ज्यूदोच्या दिवसांपासूनच डोक्याला वारंवार हादरे बसले होते. त्यांची लक्षणे तिने लपविली व दुखापत असतानाही सराव चालू ठेवला. परिणामी पुढेपुढे साधा ठोसाही तिच्या मेंदूला सोसेना. मेंदूला हादरा बसल्यावर तो पूर्ण बरा होण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास हानी वाढते, हे वैद्यकशास्त्र सांगते. दुखापत कबूल करणे म्हणजे दुबळेपणा, हा आखाड्यातील समज मात्र त्याच्या उलट आहे. वेदना सोसून पुढे जाण्याच्या ज्या शिकवणुकीने तिला घडविले, तिनेच तिची कारकीर्द आखूड केली, असे या कबुलीवरून दिसते.

इतर कार्य : २०१८ मध्ये रोंडाने डब्ल्यूडब्ल्यूई या संस्थेच्या मनोरंजनपर कुस्तीत प्रवेश केला. या प्रकारात निकाल पूर्वनियोजित असतात; शारीरिक कौशल्य आणि धोका मात्र खरा असतो. ‘राउडी’ हे तिचे टोपणनाव या क्षेत्रातील कुस्तीगीर रॉडी पायपर याच्या संमतीने घेतलेले होते. ८ एप्रिल २०१८ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे ती प्रथम लढली व ऑगस्टमध्ये महिलांचे अजिंक्यपद तिने मिळविले. ७ एप्रिल २०१९ रोजी ‘रेसलमेनिया’ या वार्षिक कार्यक्रमाची प्रमुख लढत प्रथमच महिलांमध्ये झाली. तिघींच्या या लढतीत बेकी लिंच हिने तिच्याकडून अजिंक्यपद घेतले. २०२२–२३ मध्येही ती या क्षेत्रात होती. द एक्सपेंडेबल्स ३ (२०१४), फ्युरिअस ७ (२०१५) व माइल २२ (२०१८) इ. चित्रपटांतून तिने भूमिका केल्या. आपली बहीण मारिया बर्न्स ऑर्टिझ हिच्या साहाय्याने लिहिलेले माय फाइट/युवर फाइट हे तिचे पहिले आत्मचरित्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये तिने हेवीवेट गटातील खेळाडू ट्रॅव्हिस ब्राउन याच्याशी विवाह केला. २०१८ मध्ये यूएफसीच्या गौरवदालनात तिचा समावेश झाला. हा मान मिळविणारी ती पहिली महिला होय.

मूल्यमापन : रोंडाच्या यशाविषयी मतभेद आहेत. तिच्या काळात महिलांचा हा गट नवा होता व सर्वांगांनी तयार झालेल्या प्रतिस्पर्धी थोड्या होत्या, असा एक आक्षेप घेतला जातो. तो काही अंशी खरा आहे. परंतु झिंगॅनो व डेव्हिस यांसारख्या अनुभवी खेळाडूंनाही तिने काही सेकंदांत नमविले, हेही तितकेच खरे. प्रतिस्पर्ध्यांविषयीची तिची कठोर भाषा, पराभवानंतर धारण केलेले मौन आणि काही सार्वजनिक वक्तव्ये यांवर टीका झाली. २०१२ मध्ये एका शाळेत झालेल्या हत्याकांडाविषयी संशय पसरविणारी चित्रफीत तिने २०१३ मध्ये प्रसृत केली होती; त्याबद्दल तिने २०२४ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. दुसरीकडे, घोटीव स्नायूंचे शरीर स्त्रीला शोभत नाही, या समजाला तिने स्पष्ट शब्दांत विरोध केला व त्यामुळे अनेक तरुणींना धीर आला.

तिचे ऐतिहासिक महत्त्व जय-पराजयांच्या संख्येपेक्षा तिने घडवून आणलेल्या बदलात आहे. यूएफसीने २०१४ मध्ये स्ट्रॉवेट, तर २०१७ मध्ये फेदरवेट व फ्लायवेट हे महिलांचे गट सुरू केले. २०१८ च्या अखेरीस नूनीसने सायबॉर्गला ५१ सेकंदांत हरवून दोन वजनगटांची अजिंक्यपदे एकाच वेळी मिळविली. पूजा तोमर ही २०२४ मध्ये यूएफसीत लढणारी पहिली भारतीय महिला ठरली. वेकफील्डच्या आखाड्यात रोंडाची सहकारी असलेल्या केला हॅरिसन हिने २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचे सुवर्णपदक मिळविले. पुढे तीही मिश्र युद्धकलेकडे वळली आणि जून २०२५ मध्ये तिने यूएफसीचे तेच बँटमवेट अजिंक्यपद जिंकले. ॲनमरिया डी मार्स हिला जागतिक अजिंक्यपदानंतर पुढे जाण्यास वाट नव्हती. तिच्या मुलीला ऑलिंपिकनंतर ती शोधावी लागली. हॅरिसनला मात्र ती तयार मिळाली. सु. चाळीस वर्षांच्या या वाटचालीतील मधला व निर्णायक दुवा म्हणून रोंडा राउझी हिचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.